पट्टा बाहेर राहू दे

कूलरची टाकी भरत आली की मी दरवर्षी एक चाळा करते. पाइप तसाच सोडून दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्यात घालते आणि डोळे मिटते. नागपूरचा मे महिना, गच्चीवरच्या टाकीतून आलेलं पाणी, ते कसलं गार असणार! वाळ्याचा वास तेवढा येतो. शेजारच्या वैद्यकाकू कुंपणावरून विचारतात, "कुसुमताई, काही पडलं का आत?" मी म्हणते, "नाही हो, आठवतेय." त्या पुढे विचारत नाहीत. तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्याबद्दल मी त्यांना एकदा सांगितलं होतं, तेव्हा त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं होतं.

दोन हजार पाचचा तो उन्हाळा. माझा मुलगा मंदार मिशिगनमध्ये, ॲन आर्बरला नोकरी करतो. सून ऋचा पुण्याची. एप्रिलमध्ये त्यांना मुलगी झाली आणि मी बाळंतपण करायला गेले. यांना जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती, शाळेतून मी नुकतीच रिटायर झाले होते, त्यामुळे "आई काय, मोकळीच आहे" हे सगळ्यांचं आपापसात ठरून गेलं होतं. एका बॅगेत डिंक, खारीक, आळीव. दुसऱ्या बॅगेत बाळाची दुपटी. माझ्या दोन साड्या आणि स्वेटर कुठल्या तरी फटीत बसवले होते. अठ्ठावन्न वर्षांची बाई सहा महिन्यांसाठी परदेशी निघाली आणि तिच्या सामानात तिचं स्वतःचं म्हणावं असं काही नव्हतं, हे मला विमानात बसल्यावर लक्षात आलं आणि स्वतःचाच राग आला.

ॲन आर्बरच्या नदीकाठी एक बाग आहे. मेच्या मध्यावर तिथलं बर्फ विसरलेलं गवत एकदम हिरवंगार होतं आणि बाकांवर आमच्यासारख्या आया उगवतात. साडीखाली पांढरे बूट, वरून मुलाचं जुनं जाकीट, समोर बाबागाडी. कुणी नाशिकची, कुणी हैदराबादची, कुणी सुरतेची. बोलायचे विषय तीन: बाळाची शी, इंडियन स्टोअरमधली भेंडी, आणि परतीचं तिकीट. मी त्यांना नावं ठेवत नाही. चांगल्या बायका होत्या, मला त्यांनी मेथी कुठे मिळते ते सांगितलं. पण दहाव्या दिवशी मी बाक बदलला आणि होड्या भाड्याने देतात त्या धक्क्याच्या बाजूला जाऊन बसले.

तिथे मला डोरोथी दिसली. माझ्यापेक्षा बारातेरा वर्षांनी मोठी, पोस्टातून रिटायर झालेली, केस कापसासारखे. ती एका लांब, निमुळत्या होडीत जमिनीवर बसावं तशी पाय पसरून बसली, दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं उजवीकडे घातलं, डावीकडे घातलं आणि बघता बघता वळणाआड गेली. कयाक म्हणतात त्या होडीला. माणूस होडीत बसतो असं वाटतच नाही, होडी कमरेला नेसल्यासारखी दिसते. मी अर्धा तास ती परत यायची वाट बघत बसले. आल्यावर तिने विचारलं, "बसून बघायचंय?" मी बाबागाडीकडे बघितलं. ती म्हणाली, "तिला मी बघते. माझी पाच झाली आहेत."

पाणी मला नवीन नव्हतं. माझं माहेर भंडाऱ्याचं. वैनगंगेत मी भावांच्या बरोबरीने पोहलेली आहे, एका भावाला तर मीच शिकवलं. चौदाव्या वर्षी एका संध्याकाळी आईने सांगितलं, "उद्यापासून नदीवर नाही जायचं." का, ते सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. भाऊ दुसऱ्या दिवशी ओले केस घेऊन जेवायला बसले. ते ओले केस मला अजून दिसतात. इतक्या वर्षांनी त्या होडीच्या भोकात पाय घातले, डोरोथीने मागून ढकललं आणि काठ सुटला, तेव्हा माझ्या तोंडून "अगं बाई!" असं काहीतरी मोठ्याने निघालं. बाकांवरच्या सगळ्या आया वळून बघायला लागल्या. बघोत बापड्या.

मग मी आठवड्यातून तीन सकाळी जायला लागले. ऋचा म्हणाली, "आई, तुम्ही खुशाल जा, मी आहे ना घरी." तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं, तरी म्हणाली. मंदारला आम्ही नुसतं "फिरायला जाते" असं सांगत होतो. खोटं नव्हतं ते.

डोरोथीचा सातआठ जणांचा गट होता, बहुतेक पिकल्या केसांचे. दर जुलैमध्ये ते वर, राज्याच्या पार उत्तर टोकाला जायचे. तिथे सुपीरियर नावाचं सरोवर आहे. त्याला तळं म्हणतात म्हणून म्हणायचं, पलीकडचा काठ दिसत नाही, लाटा समुद्राच्या, आणि पाणी भर उन्हाळ्यातही असं की हात घातला तर हाडं बोलायला लागतात. काठापासून दोन मैलांवर एक लहानसं बेट. सकाळी निघायचं, बेटावर जेवायचं, दुपारी परत. डोरोथीने मला नकाशावर तो ठिपका दाखवला आणि मला ते बेट हवं झालं. हवं म्हणजे, लहानपणी जत्रेत एखादी वस्तू हवी असते ना, तसं. रात्री बाळाला मांडीवर थोपटताना मी तो ठिपका बघत असे. इतकी वर्षं मला काही नकोच होतं की काय, असा प्रश्न पडावा इतकं ते हवं होतं.

पण अट होती. ज्याला बेटावर यायचंय त्याने आधी डोरोथीसमोर थंड पाण्यात मुद्दाम उलटायचं आणि आपलं आपण बाहेर यायचं. हे जमलं नाही तर नावावर काट. "मैत्री वेगळी, पाणी वेगळं," ती म्हणाली.

इथे जरा तिथली वस्त्रं सांगायला हवीत. कमरेला एक रबरी घेर घालतात. त्याला चक्क स्कर्टच म्हणतात. आपण होडीत बसलो की त्या घेराची कड ताणून होडीच्या भोकाच्या काठावर चढवायची, म्हणजे पाणी आत येत नाही. घेराला पुढे, पोटासमोर, एक पट्टा शिवलेला असतो. होडी उलटली की तो पट्टा ओढायचा. घेर सुटतो, आपण सुटतो. म्हणून पट्टा कायम बाहेर, लोंबता राहिला पाहिजे. डोरोथीने हे मला तीनदा सांगितलं. मी तीनदा मान डोलावली. तेहेतीस वर्षं शिकवलेल्या बाईला मान डोलावणाऱ्यांचं ज्ञान असायला हवं होतं.

जूनचा पहिला आठवडा, घरापासून जवळच्या ह्युरॉन नावाच्या दुसऱ्या सरोवराचा काठ. अंगात काळा रबरी सूट. तो चढवताना मी आणि डोरोथी दोघी घामाघूम झालो होतो. मी होडीत बसले, घेर चढवला, सगळं नीटनेटकं झालं का ते बघितलं. पुढे तो पट्टा लोंबत होता. माझ्या हाताने तो उचलला आणि कडेखाली छान आत खोचून टाकला. मी नाही हो खोचला. हातानेच खोचला. डोकं तेव्हा थंडीचा विचार करत होतं.

मग एक, दोन, तीन, आणि मी उलटले.

त्या पाण्याचं काय सांगू! कपाळात कुणी खिळा ठोकावा तसं वाटलं. नाकात पाणी, कानात पाणी, खाली डोकं वर पाय. हात पट्ट्याकडे गेला. पट्टा नाही. परत चाचपलं. गुळगुळीत रबर, कुठे धरायला म्हणून काही नाही. देव आठवला का, असं मला नंतर ऋचाने विचारलं. नाही आठवला. मला एक शब्द आठवला, चांगला ठळक: खोचलाय. आपणच खोचलाय. मी होडीच्या बुडावर थापा मारल्या, तसं शेजारी पाण्यात उभ्या डोरोथीने मला होडीसकट सरळ केलं. दहाबारा सेकंद झाले असतील. मला विचाराल तर एक आख्खा तास झाला होता.

खोकला थांबल्यावर ती म्हणाली, "पट्टा कुणी आत घातला?"

"मी."

"का?"

काय सांगणार? इंग्रजीत खोचणं कुठून आणू? मी म्हणाले, "तो लोंबत होता." तिला काही कळलं नाही. कसं कळणार!

परतीच्या वाटेवर, तिच्या गाडीत, अंगाभोवती दोन टॉवेल घेऊन मी विचार करत होते. माझं सगळं आयुष्य खोचण्यात गेलं. पदर खोचून स्वयंपाक, निऱ्या खोचून सायकल, रुमाल कमरेला खोचून शाळा. प्रार्थनेच्या रांगेपुढे उभी राहून मी तेहेतीस वर्षं ओरडत आले, "ब्लाऊज आत खोच! रिबीन आत खोच! हे काय लोंबतंय?" किती पोरी असतील? त्यांतल्या कुणी मान वर करून विचारलं असतं, "बाई, लोंबलं तर काय होतं?", तर मी तिला वर्गाबाहेर काढलं असतं. हसू आलं आणि मग बाप्पा, रडूच आलं. डोरोथीने गाडीचा हीटर वाढवला. तिने माझं नाव यादीतून काढलं होतं, पण बोलून दाखवलं नाही. ते मला कळलंच होतं.

घरी मंदार लवकर आलेला. माझे निळे ओठ बघून सगळं बाहेर आलं. तो ओरडणारा मुलगा नाही. खुर्ची ओढून समोर बसला आणि मॅनेजरसारखा बोलला. "आई, हे आजपासून कॅन्सल. तू इथे आहेस तोवर तुझी जबाबदारी माझ्यावर आहे. तुला काय कमी आहे? मॉलमध्ये नेतो, नायगारा दाखवतो. पण हे काय या वयात?"

या वयात! हे दोन शब्द मी तिथे किती जणांकडून ऐकले म्हणून सांगू. तिथल्या महाराष्ट्र मंडळाच्या पिकनिकला एक काका हातातला मक्याचा भुट्टा फिरवत म्हणाले, "वहिनी, या वयात होडी?" त्यांचं स्वतःचं वय सत्तर, आणि साखर दोनशेच्या वर असताना तिसरी जिलबी चालली होती. त्यांना कुणी म्हणत नव्हतं या वयात. चौदाव्या वर्षी मी 'आता मोठी' झाले म्हणून पाणी बंद, अठ्ठावन्नाव्या वर्षी म्हातारी म्हणून बंद. मधल्या चव्वेचाळीस वर्षांत वेळ नव्हता. मग बाईने पाण्यात जायचं वय नेमकं कोणतं, ते एकदा कुणीतरी फळ्यावर लिहून द्यावं.

हे मी मंदारला तेव्हा बोलले नाही. मी फक्त म्हणाले, "चहा घेतोस?" त्याला वाटलं, आई ऐकली. माझ्या पोटच्या पोराला माझा चहा अजून ओळखता येत नाही, याची मला गंमत वाटते.

दुसऱ्या दिवशी तो ऑफिसला गेला आणि मी कपड्यांची प्लास्टिकची टोपली हॉलच्या मधोमध ओढली. आत पाय आखडून बसले. टेबलक्लॉथ टोपलीच्या काठावर ताणून बसवला, पुढे ओढणीचा एक फास काढून ठेवला. डोळे मिटायचे, श्वास धरायचा, दोन्ही हात काठावरून पुढे सरकवत न्यायचे, फास सापडला की पुढे झटका देऊन वर ओढायचा. ऋचा एका हातात बाळ, दुसऱ्या हातात घड्याळ घेऊन सोफ्यावर बसली. पहिल्यांदा माझा हात काय करायला गेला असेल? फास आत खोचायला! ऋचा किंचाळली, "आई! परत!" आम्ही दोघी इतक्या हसलो की बाळ दचकून रडायला लागलं.

दिवसाला पन्नास वेळा. स्वयंपाक झाला की टोपली. बाळ झोपलं की टोपली. आयुष्यभराची सवय हातातून काढायची म्हणजे काय असतं ते मला त्या दोन आठवड्यांत कळलं. हात ऐकत नाही. त्याला रागावून चालत नाही, त्याला परत परत तिथे न्यावं लागतं, पहिलीतल्या पोराचं बोट धरून अक्षर गिरवून घेतात तसं. एके दिवशी पोळ्या करताना पदराचं टोक सुटलं, लोंबत राहिलं आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही. पीठ लागलं त्याला. लागू दे म्हटलं.

जूनच्या अखेरीस मी डोरोथीला म्हणाले, "मला परत उलटायचंय." तिने दिवस सांगितला. मग त्याच काठावर, तशाच बोचऱ्या सकाळी, मी घेर चढवला आणि पट्टा दोन बोटांनी उचलून सगळ्यांना दिसेल असा बाहेर टाकला. उलटले. खिळा ठोकला गेला, नाकात पाणी गेलं, हात काठावरून सरकले आणि पट्टा मुठीत आला. ओढला. बाहेर आले. डोकं वर काढून मी पहिला श्वास घेतला तो मराठीत ओरडण्यासाठी. काय ओरडले ते लिहिण्यासारखं नाही. शाळेच्या मुख्याध्यापिकांनी वाचलं तर काय म्हणतील!

मंदारला मी त्याच रात्री जेवताना सांगितलं. विचारलं नाही, सांगितलं. "सोळा जुलैला मी बेटावर जातेय." त्याचा घास हातात राहिला. तो खूप बोलला. मी भाजी वाढत राहिले. शेवटी तो म्हणाला, "एवढ्या लांब मी तुला एकटीला पाठवणार नाही." ऋचा शांतपणे म्हणाली, "मग आपण सगळेच जाऊया." असे आम्ही निघालो, आठ तासांची ड्राइव्ह, मागे कार सीटमध्ये तीन महिन्यांची पोरगी, आणि पुढे रागारागाने गाडी हाकणारा माझा मुलगा.

ती सकाळ! सुपीरियर इतकं स्वच्छ की खाली वीस-वीस फुटांवरचे दगड मोजावेत. सहा होड्या निघाल्या. पहिला मैल मी फक्त डोरोथीच्या पाठीकडे बघत वल्हवलं. नंतर बाजूने लाटा यायला लागल्या, होडी कमरेखाली डुलायला लागली आणि भीती वाटली, खोटं कशाला सांगू. भीती वाटली तरी हात चालत होते. कुणी मला धरलेलं नव्हतं, कुणाला मी धरलेलं नव्हतं. असं मला आधी कधी झालं होतं ते मी आठवत राहिले आणि आठवेना.

बेटावर काय होतं? काही नव्हतं. गोटे, चारदोन वाकडी झाडं, पक्ष्यांची घाण, आणि बोटांना निळं करणारी रानबोरासारखी आंबटगोड फळं. मी दशम्या आणि ठेचा नेला होता. ठेचा खाऊन डोरोथीच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ती म्हणाली, अशी थंडी वाजत असताना हे आधी का नाही दिलंस! मी एका गोट्यावर पाय पसरून बसले. सूट अर्धा उतरवला होता, केस सुटले होते. मला फार, फार बरं वाटत होतं. यांची आठवण आली आणि तीसुद्धा सुखाची आली.

निघायच्या वेळी वारा सुटला. डोरोथी पाण्याकडे बघून म्हणाली, थांबायचं. दीड तास थांबलो. फोनला तिथे रेंज नव्हती, तेव्हा तर नव्हतीच. वारा नरमल्यावर निघालो. येताना लाटा मागून होत्या, काठ हळूहळू मोठा होत गेला, आणि काठाशी एक माणूस दिसला. गुडघाभर पाण्यात, जीन्स घालून, त्या हाडं फोडणाऱ्या पाण्यात उभा.

होडी गोट्यांना लागायच्या आधीच मंदारने ती धरली. त्याचे ओठ निळे पडले होते. मला वाटलं आता ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. मी तयारीत होते.

"दीड तास, आई," तो म्हणाला. "बाबांच्या वेळी मामाचा फोन आला होता. 'बाबा गेले.' दोन शब्द. मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये होतो, आणि मला पोचायला दोन दिवस लागले. आज मी इथे उभा राहून मामाला काय सांगायचं ते जुळवत होतो. काय सांगणार होतो मी? आई गेली?"

मी होडीतच बसले होते, तो पाण्यात उभा होता. तीन वर्षांत हे तो माझ्याशी कधी बोलला नव्हता. चुकलं रे, असं अगदी जिभेवर आलं. ते बोलले असते तर तो लगेच शांत झाला असता, आणि मी पुढचे अडीच महिने, आणि त्यापुढची सगळी वर्षं, बाकावर बसले असते.

मी ओल्या हाताने त्याचा गाल धरला.

"हो," मी म्हणाले, "तसंच सांगायचं. आई गेली. कुठे विचारलं तर बेटावर. कुणी नेली विचारलं तर कुणी नाही. स्वतः गेली."

तो हसायला लागला, रडत होता तरी हसायला लागला, आणि पाण्यातच मटकन माझ्या होडीच्या टोकावर टेकला. मागे काठावर ऋचा पोरीला घेऊन उभी होती. त्याने बाहीने नाक पुसलं.

"उद्या परत जाणार आहेस?"

"वारा पडला तर," मी म्हणाले.